पुढं मेंढी, मागं बकरा

निमगाव केतकीत म्हस्कूला लोक अंगठाबहाद्दर म्हणत. म्हणणाऱ्यांचं सगळं लक्ष त्या शब्दातल्या अंगठ्याकडे असे. बहाद्दराकडे कुणी पाहत नसे. आणि खरं सांगायचं तर म्हस्कूचा उजवा अंगठा सोसायटीच्या कागदांवर उमटायला लागला तो पुष्कळ उशिरा. त्याआधीचं त्याचं सगळं आयुष्य मेंढ्यांच्या कमरेवर गेलं होतं.

म्हस्कूच्या बापाकडे मेंढरांचा मोठा कळप होता. बापानं लेकाला शाळेत घातलं नाही, पण एक विद्या दिली. मेंढीच्या कमरेच्या मणक्यावर अंगठा दाबायचा. हाड टोचलं तर जनावर उपाशी. अंगठा रुतून बसला तर नुसतीच चरबी. आणि दाबल्यावर अंगठ्याला कुणी हलकेच परत वर उचलून दिल्यासारखं वाटलं, तर जनावर बाजाराला तयार. मेंढीचं उचलणं जरा लाडाचं, बकऱ्याचं जरा गुर्मीतलं. व्यापारी डोळ्यांनी फसायचे, म्हस्कू अंगठ्यानं कधी फसला नाही.

पुढे कालव्याचं पाणी आलं, माळाचं रान झालं, मेंढरं विकली, दारात दोन जर्सी गाई आल्या. गाईला अंगठा लावून काही कळत नाही, ती लाथ मारते. अंगठा बेकार झाला. सकाळचं दूध घालून झालं की म्हस्कू तो बेकार अंगठा घेऊन बाजारतळाशेजारच्या राजमहंमदच्या सायकलच्या दुकानात येऊन बसे. ट्रकचा एक जुना टायर आडवा टाकलेला होता, ती त्याची खुर्ची. दोघं एका वयाचे, एकाच वर्षी मिशा फुटलेले.

राजमहंमद हा पंक्चर काढता काढता भलत्याच गोष्टीचा विचार करणारा माणूस. आमच्या भागात बाभळीला तोटा नाही, त्यामुळे पंक्चरलाही तोटा नव्हता, आणि त्याचं घर त्या काट्यावरच चालत होतं. असं असताना ह्या काट्याचा कायमचा बंदोबस्त करायचं खूळ त्याच्याच डोक्यात शिरावं, याला काय म्हणायचं! इंदापूरच्या हायवेवर एका ड्रायव्हरनं त्याला सांगितलं होतं, की बाहेरच्या देशात आता टायरला ट्यूबच नसते. काटा घुसला तरी हवा जात नाही. त्या दिवसापासून राजमहंमदची झोप उडाली.

"डॉक्टरनं रोगच संपवला तर डॉक्टरनं खायचं काय?" त्याची बायको मुनिराभाभी विचारायची.

"लोकं दवाखान्याच्या पाया पडतील," राजमहंमद म्हणायचा.

"पाया पडल्यावर पोट भरतं व्हय?"

यावर राजमहंमद सोल्यूशनची ट्यूब शोधायला लागे.

त्याच सुमाराला म्हस्कूच्या धाकट्या लेकानं, मल्हारनं, पुण्याच्या एका कॉलेजच्या पोराकडून जाड टायरची सायकल आणली. दोन्ही चाकं म्हशीच्या शिंगासारखी जाड, वर गिअर. सायकल डोंगरात चालवायची होती म्हणे. आमच्याकडे डोंगर नव्हता, पण माळ होता, दगड होते आणि काटे तर विचारूच नका. मल्हार रोज माळावर जाई आणि रोज सायकल खांद्यावर घेऊन परत येई. राजमहंमदनं त्या जाड चाकाकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, आपला ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता.

मग सुरू झाला प्रकार. जुनी ट्यूब उभी चिरायची, ती रिममध्ये झोळीसारखी पसरायची म्हणजे आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटत नाही. वर टायर चढवायचा, कडेला साबणाचा फेस लावायचा. आत सोल्यूशनमध्ये कालवलेला शेराचा चीक. कुंपणाच्या शेराला चरा पाडला की दुधासारखा पांढरा चीक येतो, तो हवेला लागला की थिजतो. काटा घुसला, की चीक धावत येऊन भोक बुजवतो, असा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. राजमहंमदनं टायरला दाभण खुपसून दाखवलं. जरासं फुसफुसलं, पांढरा थेंब आला आणि गप्प झालं. म्हस्कूनं दाभणाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं आणि आपण ज्याच्याशेजारी रोज बसतो तो माणूस नेमका कोण आहे, असा त्याला पहिल्यांदाच प्रश्न पडला.

अडलं ते हवेपाशी. आमच्या भागात हवा म्हणजे दगडासारखी. दुधाचे कॅन लादायचे, उसाच्या मोळ्या लादायच्या, बायको मागे बसवायची. टायर टणक नसेल तर माणसाला बरं वाटत नाही. पण ट्यूब नसलेल्या टायरला ही माया सोसेना. पहिल्यांदा दाबून हवा भरली तेव्हा फटाक् करून टायर रिमवरून सुटला आणि सगळा चीक समोरच्या भिंतीवर गेला. मग भिऊन कमी भरली, तर वळणावर टायरची कड उचलली जाऊन हवा फुस्स. राजमहंमदकडे हवा मोजायचा काटा होता, पण तो ट्रकचा. सायकल लावली की त्याची सुई बसल्या जागेवरून नुसती जांभई द्यायची.

"हे जास्त आन् ते कमी," राजमहंमद कपाळाला हात लावून बसला. "मधलं कसं घावायचं?"

म्हस्कू उठला, टायरला अंगठा लावला आणि म्हणाला, "ह्यो उपाशी हाय."

"काय?"

"हाड लागतंय. आजून चार दणके मार. ...थांब. आता रुतत न्हाय. आता उचलाय लागला बघ. बास!"

मल्हार माळावर गेला आणि सायकलवर बसूनच परत आला. दगडावरून चाक उडत नव्हतं, दगडाला चाटून जात होतं. मग पुढचे कैक दिवस तेच चाललं. मल्हारनं माळावर जायचं, येऊन सांगायचं की पुढचं चाक उड्या मारतंय, नाहीतर मागचं बसतंय. राजमहंमदनं हवा सोडायची, भरायची. म्हस्कूनं अंगठा लावायचा. शेवटी कळलं की पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा कमी हवा लागते, कारण बूड मागे असतं. पुढच्या चाकानं लाडानं उचललं पाहिजे, मागच्यानं गुर्मीत.

"पुढं मेंढी, मागं बकरा," म्हस्कूनं निकाल दिला.

दुकानात तोच मंत्र झाला. राजमहंमद स्वतः कधी टायर दाबून बघत नसे. "म्हस्कूचा अंगठा हाय न्हवं," म्हणे. मेंढरं गेल्यापासून त्या अंगठ्याला शाई फासणारेच भेटले होते, विश्वास टाकणारा हा एकटा.

त्या वर्षी जळोचीच्या एका तरुण मंडळानं माळावरची सायकल शर्यत काढली. कालव्याचा भराव, मुरुमाची उतरण, बाभळीचं बन आणि परत. बारामतीचे एक सायकलवाले शेठ येणार होते. जाड टायरच्या सायकली त्यांनी नुकत्याच दुकानात मांडल्या होत्या आणि गिऱ्हाइकं पंक्चरचं गाऱ्हाणं घेऊन परत येत होती. राजमहंमदनं त्यांच्या कानावर आपलं काम घातलं होतं. शेठ म्हणाले होते, "बाभळीतून न थांबता बाहेर काढून दाखव. मग आमच्या सगळ्या सायकली तुझ्याकडं."

राजमहंमदनं रात्रंदिवस त्याचंच स्वप्न पाहिलं. दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं हेही ठरलं: 'बिनट्यूब'. पाटी रंगवणाऱ्याला त्यानं अक्षरं मोठी काढायला सांगून ठेवलं होतं.

जळोची हे म्हस्कूच्या लेकीचं, सारजाचं सासर. तिचे सासरे भीमराव त्या दिवशी मंडळाचे पाहुणे होते. छातीला मोठ्या बशीएवढा बिल्ला, बोटात जाड अंगठी. व्याह्याचं नातं कसं असतं, हे ज्यानं मुलगी दिली आहे त्यालाच ठाऊक. मुलाच्या बापाचा विनोद हा विनोद असतो आणि मुलीच्या बापाला त्यावर हसावं लागतं.

मल्हारची सायकल ओळीत उभी होती. म्हस्कूनं सकाळीच अंगठा लावून राजमहंमदला मान हलवली होती. सगळं बरोबर होतं. तेवढ्यात भीमराव आले, पुढचं चाक दाबलं आणि चाक दबलं.

"काय पाव्हणं," ते मोठ्यानं म्हणाले, "पोराला शर्यतीला आणलंय का दळान आणायला? ह्या चाकात हवाच न्हाय की!"

आजूबाजूचे हसले. बाकीच्या सगळ्यांच्या सायकली दगडासारख्या होत्या.

"ते तसंच असतंय, पाव्हणं," म्हस्कू म्हणाला.

"तसंच कसं असंल? आरं, दुधाचा कॅन ठेवला तर भाकरी हुईल त्या टायरची!" भीमरावांना माणसं जमलेली दिसली आणि ते खुलले. "आमच्या सूनबाईच्या माह्यारी हवा बी बेतानंच वापरत्यात वाटतं!"

आता सगळेच हसले. पलीकडे बायकांत सारजा उभी होती. तिनं पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहिलं. म्हस्कूनं तेवढंच पाहिलं. बाकी शर्यत, शेठ, काटे, पाटी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तो पदर राहिला.

राजमहंमद पंप घेऊन धावत आला.

"म्हस्कू, लोकांचं सोड. लोकं काय बी म्हनत्यात. तुझा अंगठा काय म्हनतो?"

म्हस्कूनं पुढचं चाक दाबलं. अंगठा दबला आणि लाडानं वर उचलला गेला. मागचं दाबलं. गुर्मीत उचलला गेला. इतकी नेमकी हवा त्या चाकांत कधी भरली गेली नव्हती.

"कमी हाय," म्हस्कू म्हणाला.

"पुढं का मागं?"

"दोन्हीकडं."

राजमहंमदनं त्याच्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे; संशय त्याला येतच नसे. "सकाळपास्नं उतरली असंल," तो म्हणाला आणि पंप लावला. "सांग बास म्हनून."

म्हस्कू बास म्हणेना. भीमराव बघत होते. राजमहंमद पंप मारत राहिला, चाक मेंढीवरून बकऱ्यावर गेलं, बकऱ्यावरून दगडावर गेलं. शेवटी म्हस्कूच्या अंगठ्याला कळ लागली तेव्हा तो म्हणाला, "आता हाय बघ."

"हां, आता कसं!" भीमराव म्हणाले आणि त्यांनी चाकावर थाप मारली. "ह्याला म्हनत्यात हवा!"

मल्हारनं सायकल हलवून पाहिली. "आबा, लई कडक लागतंय," तो म्हणाला. "चाचा?"

"तुझ्या बापाचा अंगठा हाय तो," राजमहंमद म्हणाला. "चल."

शिट्टी झाली. भरावावरून मल्हार सगळ्यांच्या पुढे होता. राजमहंमद टाचा उंचावून बघत होता आणि शेठ स्कूटरवर बसून. मुरुमाच्या उतरणीला सायकल लागली तशी ती उड्या मारू लागली. एक उडी, दुसरी उडी, आणि मग एवढ्या लांबून ऐकू आला तो आवाज. फटाक्! पुढचा टायर रिम सोडून बाजूला झाला, मल्हार मुरुमात लोळला आणि चीक असा उडाला की तो उठला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होता. बाभळीचं बन अजून लांब होतं. एकही काटा त्या टायरला लागलेला नव्हता.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, टायरला पान्हा फुटला!"

मग काय विचारता! अख्खा माळ हसला. भीमराव तर बिल्ला हातात धरून हसत होते. मल्हारला फार लागलं नव्हतं, पण चीक डोळ्यांत गेला होता. राजमहंमद त्याला धरून पाण्याच्या टाकीशी नेऊन डोळे धूत बसला. धुता धुता त्यानं मागे वळून पाहिलं, तेव्हा शेठची स्कूटर बारामतीच्या रस्त्याला लागलेली होती.

परतताना टेम्पोत तिघं आणि मोडकी सायकल. मल्हार डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडला होता. राजमहंमद सुटलेला टायर मांडीवर घेऊन फिरवून बघत होता. मग त्यानं मनाशी गणित मांडल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"हवा बरोबर व्हती. तू सोता बघितली. तरी बी सुटला. हवा चुकली असती तर म्या म्हनलं असतं, हवा चुकली, परत करू. पर हवा बरोबर असून सुटला, म्हंजे मूळ कामच खोटं हाय. ह्याच्यात राम न्हाय, म्हस्कू."

त्या वेळी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, गळ्यापर्यंत आलंही होतं. टेम्पो खड्ड्यात आदळला आणि ते परत खाली गेलं. आमच्याकडच्या रस्त्यांवर असे खड्डे पुष्कळ आहेत. त्यामुळे म्हस्कूनं पुढे स्वतःला फार दोष दिला नाही, रस्त्यालाच दिला.

दुसऱ्या दिवशी राजमहंमदनं चिरलेल्या ट्यूबा, चिकाचा डबा, सगळं उकिरड्यावर टाकलं. पाटीवाल्याला निरोप गेला, पाटी राहू दे. मल्हारचे डोळे बरे झाले तसा तो पुन्हा आला. "चाचा, परत करू की. हवा जास्त झाली व्हती, मला हातालाच कळलं."

"बापाच्या अंगठ्यापरीस तुला जास्त कळतंय व्हय रं?" राजमहंमद म्हणाला. "तुझं डोळं गेलं असतं म्हंजी? बास झालं."

म्हस्कू शेजारीच, आपल्या टायरवर बसलेला होता. मल्हारनं बापाकडे पाहिलं. बाप रस्त्यावरून चाललेल्या एसटीकडे पाहत होता. एसटी गेली तरी पाहत होता.

गावानं त्या गोष्टीचं सोनं केलं. सायकलवाल्याकडे पाना असतोच. पोरं दुकानापुढून जाताना विचारायची, "चाचा, पान्हा हाय का?" राजमहंमद सुरुवातीला खरंच पाना पुढे करायचा. मग त्याला कळलं. मग तोही हसायला लागला. गावच्या चेष्टेला असं हसणारा माणूस मिळाला की ती वर्षानुवर्षं टिकते.

म्हस्कूनं सांगायचं ठरवलं होतं. आधी वाटलं, सारजाच्या सासरी गोष्ट जाईल, तिला त्रास. मग रोजे सुरू झाले. उपाशी माणसाला कशाला त्रास! मग डाळिंबाची गडबड. मग ते इतकं जुनं झालं की कुठून उकरायचं हेच कळेना. दर बाजाराच्या दिवशी म्हस्कू टायरवर बसे, तंबाखू मळी आणि म्हणे, "राजूभाई..."

"हां?"

"काय न्हाय. चा सांग."

भीमरावही मध्ये वारले. सारजाचं नीट चाललं होतं. आता लपवायला कारणच उरलं नव्हतं, आणि कारण नसताना लपवणं हे जास्त अवघड असतं. त्याला माणूस कायमचा बांधला जातो.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा राजमहंमदच्या सोहेलनं इंदापूरला सोलापूर हायवेला टायरचं दुकान टाकलं. कॉम्प्रेसर, हवेची मोठी टाकी, हवा मोजायचा गोल काटा, सगळं होतं. निमगावचं दुकान बंद करून राजमहंमद आणि मुनिराभाभी तिकडेच राहायला जाणार होते. दुकान सुरू झालं त्या दिवशी म्हस्कू एसटीनं इंदापूरला गेला. जाताना डाळिंबं घेतली होती आणि मनाशी काही ठरवलं होतं.

मुनिराभाभीनं शिरा दिला. राजमहंमद नव्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसला होता. त्याला जुना टायरच बरा वाटत असावा. इतक्यात पुण्याहून सोलापूरला जाणारी एक लांबलचक गाडी थांबली. मागच्या चाकात खिळा. सोहेलनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अब्बा, ह्यात ट्यूब न्हाय."

राजमहंमद उठला. गुडघ्यावर बसून त्यानं त्या चाकाकडे पाहिलं. खिळा आत होता आणि चाक उभं होतं. त्यानं खिळ्याभोवती बोट फिरवलं, वास घेऊन पाहिला, जणू शेराच्या चिकाचा वास येतो का बघत होता. मग उठून, गुडघे झाडत म्हणाला, "बघ, म्हस्कू. जमतंय. जमनाऱ्याला जमतंय. आपल्या हाताला यश नव्हतं."

म्हस्कूच्या घशात शिऱ्याचा घास होता. त्यानं तो गिळला.

"राजूभाई, जळोचीला हवा बरोबर व्हती."

"तेच की. बरोबर व्हती तरी..."

"न्हाय. आधीची. तू पंप लावायच्या आधीची. पुढं मेंढी, मागं बकरा, जशी पायजे तशी व्हती. मी कमी हाय म्हनलो ते खोटं. व्याही हसला, पोरगी खाली बघाय लागली, मला लाज वाटली. तुझं काम खरं व्हतं. माझ्यामुळं गेलं."

  राजमहंमदच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, आणि त्यानं म्हस्कूच्या खांद्यावर हात ठेवला.

"लेका म्हस्कू," तो म्हणाला, "आज मला वाईट वाटाय नगं म्हनून एवढं रचलंस?"

"रचलं न्हाय! खरं सांगतोय."

"आरं, तुझा अंगठा खोटा ठरवतोस माझ्यापायी?"

"अंगठा खरा व्हता! तोंड खोटं बोललं!"

"अंगठा खोटं बोलत न्हाय. मानूस बोलतो. आन् तू आत्ता बोलतोयस, मला बरं वाटावं म्हनून."

"सारजाची आन घेतो."

"ए! असल्या बारक्या कामाला पोरीची आन घेऊ नगंस." राजमहंमदचे डोळे भरून आले होते. तो आत वळून ओरडला, "मुनिरा, हिकडं ये. म्हस्कू काय म्हनतोय ऐक. म्हनतोय, सगळी चूक त्याची! असा दोस्त हाय का कुनाला?"

मुनिराभाभी बाहेर आली, सगळं ऐकून म्हणाली, "भावजी मनानं लई मोठं," आणि वाटीत आणखी शिरा वाढला.

म्हस्कूनं पुन्हा एकदा तोंड उघडलं. पण ज्या माणसाला आपण एकदा खोटं सांगून पटवलं, त्याला खरं सांगून पटवायला लागणारं बळ त्याच्याजवळ नव्हतं. तो शिरा खात राहिला. शिरा गोड होता. त्याला तो खाली उतरवताना फार वेळ लागला.

संध्याकाळी एक दूधवाला सायकल घेऊन आला. सोहेलनं कॉम्प्रेसरची नळी लावली, गोल काट्याकडे पाहिलं आणि झालं म्हणाला. राजमहंमदनं हात आडवा केला.

"थांब. म्हस्कू हाय आज." त्याच्याकडे वळून म्हणाला, "लाव अंगठा."

"अब्बा, काटा हाय की," सोहेल म्हणाला.

"काट्याला काय कळतंय? लाव रं, म्हस्कू."

म्हस्कू वाकला. अंगठ्याची कातडी आता जाड झाली होती, पण कळायचं ते अजून कळत होतं. त्यानं दोन्ही चाकं दाबली. मागचं चाक दगड होतं.

"मागं जास्त हाय," तो म्हणाला.

राजमहंमदनं स्वतः न दाबता, काट्याकडे न पाहता लगेच वाकून मागच्या चाकातली हवा सोडली. फुस्स. त्यानं वर पाहिलं.

"आता?"

"आजून थोडी."

फुस्स.

"आता बरोबर हाय," म्हस्कू म्हणाला.

आणि राजमहंमदनं ते खरं मानलं.